काठी, कुबडी आणि चाकांची खुर्ची : फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या संकोचाचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेचे बत्तिसावे राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन डेलानो रूझवेल्ट (१८८२-१९४५) आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासक्रमात प्रामुख्याने तीन ठिकाणी भेटतात : 'न्यू डील', दुसरे महायुद्ध आणि याल्टा परिषद. राष्ट्राध्यक्षपदावर चार वेळा निवडून आलेली ही एकमेव व्यक्ती वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापासून अखेरपर्यंत आधाराशिवाय उभी राहू शकत नव्हती, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सहसा एका वाक्यात सांगून पुढे जातात. त्या वाक्यात 'अपंगत्वावर मात करून' हा शब्दप्रयोग हटकून असतो. पाय तर शेवटपर्यंत बरे झाले नाहीत. मग मात कशावर झाली, हे विचारले जात नाही. कोणते साधन कोणासमोर वापरले, कोणते कोणापासून लपविले आणि ते लपविणे केव्हा थांबविले, या प्रश्नांना तारखा आहेत, स्थळे आहेत, साक्षीदार आहेत. त्यामुळे हा विषय प्रेरणादायी चरित्रकथांच्या स्वाधीन करून चालण्यासारखे नाही.

चालण्यासाठी साधन घेण्याचा संकोच घरोघरी आढळतो. एकदा पडून हाड मोडेपर्यंत काठी हाती न घेणारी वडीलधारी माणसे प्रत्येक कुटुंबात असतात आणि घरचे लोक त्याला हट्ट म्हणतात. रूझवेल्ट यांच्या बाबतीतही काही चरित्रकारांनी अहंकार, काहींनी राजकीय धूर्तपणा, तर काहींनी आजार स्वीकारण्यास मनाचा नकार अशी कारणे दिली आहेत. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन वेगळे आहे. रूझवेल्ट यांचा संकोच साधनाविषयी जवळजवळ नव्हताच. तो पाहणाऱ्याच्या नजरेविषयी होता. नजर बदलली तेथे तो गळून पडला. नजर बदलली नाही तेथे तो तसाच राहिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ त्यांच्या स्मारकालाही चिकटून राहिला.

काठी आणि कुबडी

साधनांना उपयोगाबरोबरच समाजाने चिकटविलेले अर्थ असतात. मराठी भाषाच याची साक्ष देते. आधार देणाऱ्या मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हटले जाते, त्यात प्रेम आणि भरवसा आहे. १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींच्या हातातील काठी कोणाला दुर्बलतेचे चिन्ह वाटली नाही. गावोगावच्या पुतळ्यांत ती निर्धाराची खूण होऊन बसली. कुबडीचे नशीब निराळे. 'कुबड्यांवर उभे असलेले सरकार' असे अग्रलेखात लिहिले की त्या सरकारविषयी आणखी काही सांगावे लागत नाही. (सज्जनगडावर जपून ठेवलेली समर्थ रामदासांची कुबडी पूज्य आहे, परंतु ती साधकाच्या बैठकीचा टेकू, पायाचा आधार नव्हे.) काठी आणि कुबडी दोन्ही शरीराचा भार जमिनीकडे नेतात. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फरक थोडा. मानाच्या दृष्टीने अंतर फार मोठे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अमेरिकेत हीच उतरंड होती. हातातली काठी हा उच्चवर्गीय पुरुषाच्या पोशाखाचा भाग होता. कुबडी म्हटली की डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) मधील टायनी टिम हा केविलवाणा मुलगा डोळ्यांपुढे येई. चाकांची खुर्ची तर रुग्णालयाची वस्तू. तिच्यात बसणारा माणूस समाजाच्या हिशेबातून बाद झालेला, असाच सर्वसाधारण समज होता. या समजाला कायद्याचेही पाठबळ होते. शिकागो शहराने १८८१ मध्ये केलेल्या एका नियमानुसार रोगग्रस्त, छिन्नांग अथवा विद्रूप व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर लोकांच्या दृष्टीस पडणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला. हा नियम १९७४ मध्ये रद्द झाला. १९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने रूझवेल्ट यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली ती याच शिकागो शहरात आणि तो नियम पुस्तकात असतानाच, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नियमाचा रोख भिकाऱ्यांवर होता हे खरे. पण अपंगत्वाचा अपराध 'दिसणे' हा आहे, ही त्यामागील कल्पना हवेलीत राहणाऱ्यालाही लागू पडत होती.

कँपोबेलो ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन

ऑगस्ट १९२१ मध्ये कॅनडातील कँपोबेलो बेटावरील उन्हाळी घरी रूझवेल्ट आजारी पडले. काही दिवसांतच कमरेखालचे शरीर निकामी झाले. २५ ऑगस्ट रोजी बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट यांनी पोलिओचे निदान केले. (२००३ मध्ये काही संशोधकांनी हा गियाँ-बारे नावाचा आजार असण्याची शक्यता अधिक असल्याचे मांडले. रूझवेल्ट स्वतः आणि त्यांचे समकालीन तो पोलिओच मानत आले, आणि येथे महत्त्व आहे ते त्या मानण्याला.) आदल्याच वर्षी ते उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. पुढची सगळी वाट मोकळी दिसत असताना हे घडले.

लपविण्याची सुरुवात बेटावरूनच झाली. न्यूयॉर्कला नेण्यासाठी त्यांना स्ट्रेचरवर घालून बोटीने पलीकडच्या ईस्टपोर्ट गावी आणावयाचे होते. त्यांचे राजकीय सल्लागार लुई हाउ यांनी जमलेल्या लोकांना दुसऱ्याच धक्क्याकडे जाऊ दिले आणि रूझवेल्ट यांना गुपचूप रेल्वेच्या डब्यात चढविले. मात्र आजार लपला नाही. १६ सप्टेंबर १९२१ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर ती बातमी दिली. कायमचे पंगुत्व येणार नाही, असे डॉक्टरांचे आश्वासनही तिच्यात होते. लोकांना आजार ठाऊक होता. त्याचा परिणाम किती, एवढेच झाकले गेले. हा भेद पुढील सर्व चर्चेचा पाया आहे.

मातोश्री सारा यांचे मत होते की मुलाने हाइड पार्कच्या वडिलोपार्जित इस्टेटीवर शांतपणे आयुष्य काढावे. पत्नी एलिनॉर आणि हाउ या दोघांना ते मान्य नव्हते. रूझवेल्ट यांना नितंबापासून बुटापर्यंत जाणारे पोलादी आधार देण्यात आले. पोलिओच्या साथी पाहिलेल्या मराठी घरांना हे साधन 'कॅलिपर' या नावाने परिचित आहे. गुडघ्याशी कुलूप, ते लावले की पाय खांबासारखा ताठ, उघडले की बसता येते. कॅलिपर बांधून, काखेत कुबड्या घेऊन हाइड पार्कच्या घरापासून हमरस्त्यापर्यंतची, सुमारे पाव मैलाची वाट एका दमात चालावयाची, असा त्यांनी निश्चय केला होता. रोज ते प्रयत्न करीत. ती वाट पूर्ण झाल्याची नोंद नाही.

ऑक्टोबर १९२२ मध्ये ते प्रथमच ब्रॉडवेवरील आपल्या कचेरीत गेले. दालनाची फरशी गुळगुळीत होती. कुबडी सरकली आणि रूझवेल्ट लोकांच्या घोळक्यात जमिनीवर कोसळले. ते हसले, अनोळखी माणसांकडून हात मागून उठले, कामाला गेले. परंतु नंतर पुष्कळ दिवस ते कचेरीत फिरकले नाहीत. घरी मात्र पडणे हा नित्याचाच भाग होता आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. आगीची त्यांना फार भीती होती, म्हणून घरात जमिनीवरून सरपटत बाहेर पडण्याचा सराव त्यांनी मुद्दाम केला होता. हाइड पार्कच्या घरात ट्रंका वर नेण्यासाठी बसविलेला दोरीचा पाळणा होता. त्यात बसून ते स्वतःच्या हातांनी दोर ओढून वरच्या मजल्यावर जात. सामानाच्या पाळण्यात बसण्याची लाज न वाटणारा माणूस दालनात एकदा पडल्याने महिनोन्‌महिने कचेरी टाळतो, यातील विसंगती वरवरची आहे. घरात नजर कुटुंबाची होती, दालनात शहराची.

२६ जून १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अल स्मिथ यांचे नाव सुचविण्यासाठी ते पक्षाच्या अधिवेशनात उभे राहिले. सोळा वर्षांचा मुलगा जेम्स याच्या दंडाचा आधार घेत ते मंचापर्यंत आले आणि शेवटची काही पावले दोन्ही कुबड्यांवर एकट्याने चालले. त्यापूर्वी त्यांनी एका सहकाऱ्याला भाषणाचा कठडा हलवून पाहावयास सांगितले होते, कारण सारा भार त्याच्यावर टाकावयाचा होता. कठड्याला हात घातल्यावर त्यांनी मान मागे टाकून हास्य केले आणि सभागृह दणाणून गेले. हा त्यांच्या राजकीय पुनरागमनाचा क्षण मानला जातो, ते योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कुबड्या त्या दिवशी लोकांनी पाहिल्या आणि तरी टाळ्या वाजविल्या. तरीही रूझवेल्ट यांनी त्यानंतरची चार वर्षे कुबड्या सोडण्याच्या खटाटोपात घालविली. टाळ्यांमध्ये कौतुक होते आणि कणवही होती. कणवेवर मते मिळत नाहीत, हे ते ओळखून होते.

वॉर्म स्प्रिंग्ज

ऑक्टोबर १९२४ मध्ये रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या जुन्या, पडझड झालेल्या आरोग्यस्थळी गेले. तेथील झऱ्याचे पाणी नैसर्गिकरीत्या कोमट असल्यामुळे तासन्‌तास पोहता येई आणि पाण्यात पायांवरचा भार हलका होई. रोग त्याने बरा होण्यासारखा नव्हता. तरीही १९२६ मध्ये सुमारे दोन लाख डॉलर, म्हणजे स्वतःच्या संपत्तीचा फार मोठा हिस्सा घालून, त्यांनी ती जागा विकत घेतली आणि पुढील वर्षी तेथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था स्थापन केली. एलिनॉर यांना या व्यवहाराची चिंता वाटत होती; पाच मुलांचे शिक्षण व्हावयाचे होते.

वॉर्म स्प्रिंग्जचे महत्त्व पाण्यापेक्षा माणसांत होते. वृत्तपत्रातून बातमी वाचून देशभरातून पोलिओग्रस्त तेथे येऊ लागले. त्यातील कित्येक वर्षानुवर्षे घराच्या आतल्या खोलीत ठेवले गेलेले होते. तेथे आल्यावर त्यांना प्रथमच अशी जागा मिळाली की जिथे प्रत्येकाच्या पायाला कॅलिपर आहे किंवा खाली चाके आहेत, म्हणून कोणाकडे कोणी वळून पाहत नाही. रूझवेल्ट पोहण्याच्या कपड्यांत, काठीसारखे बारीक झालेले पाय उघडे ठेवून, तलावाच्या काठी बसत. इतरांना स्नायूंचे व्यायाम शिकवीत. रुग्ण त्यांना थट्टेने 'डॉक्टर रूझवेल्ट' म्हणत. थँक्सगिव्हिंगच्या रात्री ते मेजाच्या अग्रभागी बसून सर्वांसाठी टर्की कापीत. न्यूयॉर्कमध्ये जे झाकले जाई ते येथे उघडे असे आणि त्याची चर्चा करण्याचेही कोणाला कारण नसे.

याच काळात त्यांची स्वतःची खुर्ची घडली. रुग्णालयातील वेताच्या अवजड खुर्च्या त्यांना पसंत नव्हत्या; त्यांत बसलेला माणूस आजारीच दिसे, शिवाय त्या अरुंद दारांतून जात नसत. म्हणून स्वयंपाकघरातल्या साध्या लाकडी खुर्चीला त्यांनी चाके लावून घेतली. हात नसलेली, छोटी, चटकन वळणारी अशी ती खुर्ची होती. सिगारेटची राख झाडण्यासाठी तिला भांडेही जोडलेले होते. ते तिच्यात फार वेळ बसत नसत. एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले की साध्या खुर्चीत सरकत आणि चाकांची खुर्ची बाजूला जाई. साधनाविषयी मनात तिटकारा असलेला माणूस साधनाची अशी जिव्हाळ्याने रचना करीत नाही. हातांनी चालविता येईल असे बदल करून घेतलेली मोटारही त्यांना अशीच प्रिय होती. मोटारीत सगळेच बसलेले असतात. त्यामुळे जॉर्जियाच्या शेतकऱ्यांशी रस्त्याकडेला मोटार थांबवून ते तासभर बोलत बसत आणि बोलणाऱ्याला पायांची आठवणही येत नसे.

या मोकळेपणाला एक मर्यादा होती आणि ती सांगितल्यावाचून चित्र पुरे होत नाही. वॉर्म स्प्रिंग्जच्या संस्थेत कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. तेथे काम करणारे नोकर कृष्णवर्णीय होते, रुग्ण मात्र सर्व गोरे. टीका वाढल्यानंतर १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र पोलिओ केंद्र उघडण्यात आले. समदुःखी लोकांची नजर सौम्य असते हे खरे, पण कोणाला समदुःखी म्हणावयाचे हे वॉर्म स्प्रिंग्जने कातडीच्या रंगावरून ठरविले होते.

वॉर्म स्प्रिंग्जमध्येच त्यांनी कुबड्यांशिवाय 'चालण्याची' रीत आत्मसात केली. एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या किंवा अंगरक्षकाच्या दंडात घट्ट, कॅलिपरची कुलुपे लावलेली, आणि कमरेला हिसका देऊन एकेक ताठ पाय पुढे टाकावयाचा. आधार देणाऱ्याच्या दंडावर बोटांचे वळ उठत. चेहरा मात्र हसरा, बोलणे चालू. जून १९२८ मध्ये ह्यूस्टनच्या अधिवेशनात मुलगा एलियट याच्या सोबत ते असे चालत आले. आता लोकांना दिसत होता काठी घेतलेला, किंचित लंगडणारा एक सद्‌गृहस्थ. कुबडीवरून काठीवर येणे ही वैद्यकीय प्रगती नव्हती, कारण स्नायू होते तेवढेच होते आणि कुबड्या अधिक सुरक्षित होत्या. ते अर्थांच्या उतरंडीवर एक पायरी चढणे होते. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

व्हाइट हाउसमधील अलिखित करार

राष्ट्राध्यक्षपदाच्या बारा वर्षांत जे घडले त्याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. ह्यू गॅलाघर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एफडीआर्‌स स्प्लेंडिड डिसेप्शन' या ग्रंथात असे मांडले की रूझवेल्ट यांनी आपले अपंगत्व राष्ट्रापासून अत्यंत कुशलतेने लपविले. हाइड पार्क येथील ग्रंथालयातील पस्तीस हजारांहून अधिक छायाचित्रांत केवळ दोन छायाचित्रांत ते चाकांच्या खुर्चीत दिसतात, हा त्यांचा पुरावा पुढे सर्वत्र उद्‌धृत झाला. याउलट जेम्स टोबिन यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की रूझवेल्ट यांचा पोलिओ हे गुपित कधीच नव्हते. १९३१ मध्ये 'लिबर्टी' या नियतकालिकाने ते राष्ट्राध्यक्षपदासाठी शारीरिकदृष्ट्या समर्थ आहेत काय, असा प्रश्न थेट मथळ्यात विचारला होता. पोलिओनिवारणासाठी १९३४ पासून त्यांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ होत. जो आजार लपवावयाचा, त्याच्याच नावाने कोणी वर्गणी गोळा करीत नाही.

दोन्ही बाजूंच्या पुराव्यांत विरोध मानण्याचे कारण नाही, असे वाटते. लोकांना पोलिओ माहीत होता. खुर्ची माहीत नव्हती, किंवा माहीत असली तरी डोळ्यांनी दिसलेली नव्हती. माहिती आणि दृश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिओ होऊन गेलेला माणूस म्हणजे आजाराशी झुंजून उभा राहिलेला माणूस. खुर्चीत दिसणारा माणूस म्हणजे हरलेला माणूस, अशी वाटणी तत्कालीन मनाने केलेली होती. रूझवेल्ट यांनी ती वाटणी निर्माण केली नाही. त्यांनी तिचा हिशेब चोख ठेवला, एवढेच.

त्यासाठी लागणारी यंत्रणा मोठी होती. जेथे ते जाणार तेथे अगोदर उतार बांधले जात, कठडे जमिनीत पक्के केले जात. कॅलिपरचा बुटाजवळचा भाग काळा रंगविलेला असे आणि विजारी लांब शिवलेल्या असत, म्हणजे बसल्यावर पोलाद चमकू नये. छायाचित्रकारांनी त्यांना उचलून नेताना अथवा खुर्चीत टिपू नये, असा संकेत होता. तो मोडू पाहणाऱ्याला गुप्तहेर खात्याची माणसे अडवीत. आणि आवाज तर सर्वत्र पोचत होताच. १२ मार्च १९३३ रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीवरील त्यांच्या संभाषणांत श्रोता आणि वक्ता दोघेही बसलेलेच असत.

हा करार किती नाजूक होता हे २७ जून १९३६ रोजी फिलाडेल्फियात दिसले. फ्रँक्लिन फील्डवर सुमारे एक लाखाचा जनसमुदाय जमलेला होता. व्यासपीठाकडे जाताना वयोवृद्ध कवी एडविन मार्कहॅम यांच्याशी हस्तांदोलन करण्यासाठी रूझवेल्ट वळले, गर्दीचा धक्का लागला, कॅलिपरचे कुलूप निसटले आणि ते कोसळले. भाषणाचे कागद इतस्ततः विखुरले. अंगरक्षकांनी त्यांना उचलून सावरले, कुलूप पुन्हा बसविले, कपडे झटकले. चेहरा पांढराफटक पडलेला असतानाही ते थांबून कवींना भेटले आणि मग त्यांनी कारकीर्दीतील सर्वाधिक गाजलेल्या भाषणांपैकी एक भाषण केले. पडतानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले नाही. चौदा वर्षांपूर्वी कचेरीच्या दालनात पडल्यावर त्यांनी तेथे जाणेच टाळले होते; या वेळी ते काही मिनिटांत बोलावयास उभे राहिले. अनुभवाने मन घट्ट होते, हे त्याचे एक कारण असेल. आपल्या भोवती उभा असलेला कडा पाहणाऱ्यांची नजर अडवील, हा भरवसा दुसरे.

१९४४ आणि १९४५

हा कडा रूझवेल्ट यांनी स्वतःहून बाजूला केल्याचे दोन प्रसंग उपलब्ध आहेत. दोन्ही अखेरच्या वर्षातील.

जुलै १९४४ मध्ये पॅसिफिक आघाडीच्या विचारविनिमयासाठी ते हवाईला गेले होते. तेथील आएआ या ठिकाणच्या नौदल रुग्णालयात हात किंवा पाय गमावलेल्या तरुण सैनिकांचा एक कक्ष होता. रूझवेल्ट यांनी त्या कक्षातून आपल्याला चाकांच्या खुर्चीत बसवून नेण्यास सांगितले, आणि तेही सावकाश. प्रत्येक खाटेजवळ ते थांबले, बोलले. आपले निकामी पाय त्या मुलांना नीट दिसावेत असा त्यांचा हेतू होता, असे सोबत असलेले त्यांचे सहकारी सॅम्युएल रोझेनमन यांनी आठवणींत नमूद केले आहे. कक्षातून बाहेर पडताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, असेही ते लिहितात. येथे खुर्ची झाकली असती तर भेटीचा अर्थच उरला नसता. पाहणाऱ्याला तिच्या दर्शनातून काही मिळणार होते. देशाचे नेतृत्व करणारा माणूसही असाच आहे, हे शब्दांनी सांगून पटले नसते.

याच दौऱ्यातील आणखी एक दृश्य अलीकडे प्रकाशात आले. पर्ल हार्बर येथे 'बाल्टिमोर' या युद्धनौकेवर रूझवेल्ट यांना खुर्चीतून ढकलत नेतानाची अवघ्या आठ सेकंदांची चित्रफीत इंडियानातील एका महाविद्यालयाचे प्राध्यापक रे बेगोविच यांना राष्ट्रीय अभिलेखागारात दुसऱ्याच विषयाचा शोध घेताना सापडली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नौसैनिकांच्या रांगेआड खुर्ची स्वतः दिसत नाही. दिसते ती एका पातळीवरून घरंगळत जाणारी रूझवेल्ट यांची आकृती. रुग्णालयाच्या कक्षात उघडी असलेली खुर्ची नौकेच्या डेकवर, त्याच दौऱ्यात, पुन्हा आडोशाला गेलेली आहे.

दुसरा प्रसंग १ मार्च १९४५ चा. याल्टाहून परतल्यावर त्यांनी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीपुढे भाषण केले. पूर्वी ते पोलादावर ताठ उभे राहून बोलत. या वेळी त्यांना खुर्चीवरून सभागृहात आणण्यात आले, आणि त्यांनी बसूनच भाषण केले. आरंभीच त्यांनी सभासदांची क्षमा मागितली आणि पायांना दहा पौंडांचे पोलाद बांधून वावरण्यापेक्षा बसणे आपल्याला सोपे जाते, असे सहजपणे सांगून टाकले. मंत्रिमंडळातील सहकारी फ्रान्सिस पर्किन्स यांना या सहजतेनेच धक्का बसला. जाहीर भाषणात पायांचा असा उल्लेख त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. प्रकृती ढासळलेली होती, उभे राहण्याची ताकद उरली नव्हती, हे खरे आहे. पण ताकद नसणे हे बसण्याचे कारण झाले. बोलून दाखविण्याचे नव्हे. चोवीस वर्षे जे पोलाद काळ्या रंगाखाली होते ते त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तोंडाने उघड केले. सहा आठवड्यांनी, १२ एप्रिल रोजी, वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

खुर्ची बदलते, नजर रेंगाळते

रूझवेल्ट घरात आपली लाकडी खुर्ची वापरीत होते त्याच काळात, १९३३ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची तयार केली. एव्हरेस्ट स्वतः खाणीतील अपघातात जखमी होऊन चालू न शकणारे होते. घडी करून मोटारीत टाकता येते, एवढ्या एका गुणाने ही खुर्ची रुग्णालयाच्या बाहेर पडली. महायुद्धानंतर नव्या औषधांमुळे मज्जारज्जूला इजा झालेले सैनिक जगू लागले आणि खुर्ची वापरणाऱ्या तरुणांची एक पिढीच रस्त्यावर दिसू लागली. पायऱ्या, अरुंद दारे, उंच पदपथ हे अडथळे आहेत, ही जाणीव या पिढीने जागविली. १९६८ मध्ये सरकारी इमारती अपंगांना वापरण्याजोग्या असाव्यात असा कायदा अमेरिकेत झाला, त्याचा मसुदा करण्यात ह्यू गॅलाघर यांचा मोठा वाटा होता. 'फसवणुकी'चा ग्रंथ लिहिणारे हेच गॅलाघर. १९५२ मध्ये पोलिओ झाल्यावर ते वॉर्म स्प्रिंग्जमध्ये उपचार घेऊन आलेले होते आणि आयुष्यभर चाकांच्या खुर्चीत वावरले. त्यांच्या ग्रंथातील कडवटपणा आणि कौतुक ही दोन्ही यातून समजतात. १९९० मध्ये सर्वसमावेशक अपंग हक्क कायदा झाला. भारतात तसा पहिला कायदा १९९५ चा.

या पार्श्वभूमीवर २ मे १९९७ रोजी वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांच्या भव्य स्मारकाचे उद्‌घाटन झाले. साडेसात एकरांचा परिसर, चार दालने, धबधबे, शिल्पे. मुख्य पुतळ्यात ते खुर्चीत बसलेले आहेत; परंतु अंगावरचा विशाल झगा खुर्ची झाकून टाकतो. मागे जाऊन वाकून पाहिले तर छोटी चाके दिसतात. अपंगांच्या संघटनांनी उद्‌घाटनापूर्वीच निदर्शने केली होती. रचनाकार लॉरेन्स हॅलप्रिन आणि त्यांचे समर्थक म्हणत होते की रूझवेल्ट यांनी हयातीत जे झाकले ते स्मारकाने उघडे करणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्यात एक गृहीत दडलेले होते : झाकणे ही रूझवेल्ट यांची इच्छा होती. आएआ येथील कक्ष आणि १९४५ चे भाषण यांची त्यात नोंद नव्हती. रूझवेल्ट यांच्या वंशजांतही दोन मते पडली. अखेर काँग्रेसने त्याच वर्षी पुतळ्याची भर घालण्यास संमती दिली आणि अपंगांच्या एका राष्ट्रीय संघटनेने साडेसोळा लाख डॉलर जमविले.

रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडविलेला हा पुतळा १० जानेवारी २००१ रोजी स्मारकाच्या प्रवेशाशी बसविण्यात आला. रूझवेल्ट येथे आपण बनविलेल्या त्या लहान, बिनहातांच्या खुर्चीत बसलेले आहेत, झगा नाही. पुतळा माणसाच्या आकाराचा आणि चौथऱ्याविना जमिनीच्या पातळीवर आहे. खुर्चीतून आलेल्या माणसाला त्यांच्याकडे पाहण्यासाठी मान वर करावी लागत नाही. आत गेल्यावर चार वर्षे जुना, झग्याचा पुतळा आपल्या जागी आहेच. त्याच्याही पलीकडे, एका भिंतीवर शोभेसाठी कोरलेली ब्रेल लिपीची अक्षरे आहेत. ती इतकी मोठी आणि काही ठिकाणी इतक्या उंचावर आहेत की अंध माणसाच्या बोटांना ती वाचता येत नाहीत.